मुरबाडचे नाना आणि पायी चालणाऱ्यांची मुंबई

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड हे तालुक्याचे गाव कल्याणपासून सुमारे ३० किलोमीटरवर, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. आशिया खंडातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुटली त्या घटनेमागे ज्या मोजक्या हिंदी माणसांचे कर्तृत्व होते, त्यांपैकी एकाचा जन्म या गावी झाला, आणि या गावाला मात्र आजतागायत आगगाडी आलेली नाही. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच मुंबईकरांचे नाना शंकरशेट, यांच्या चरित्रातील ही विसंगती मुरबाडकर अनेक वर्षे बोलून दाखवतात. तिच्यात तक्रार आहे तसा अभिमानही आहे.

नानांचे नाव निघाले की रेल्वे, शिक्षण आणि दानधर्म या तीन गोष्टींची उजळणी होते आणि तेथेच विषय संपतो. त्यांच्या कार्याचा आणखी एक धागा मात्र फारसा उलगडला जात नाही. बहुसंख्य लोक पायी चालत होते अशा काळात हे शहर वाढत होते, आणि शाळा, बाग, नाट्यगृह, स्मशान या नित्याच्या गोष्टी सामान्य माणसाच्या पावलांच्या टप्प्यात राहतील की नाही, हा प्रश्न नानांच्या हयातीत वारंवार उभा राहिला. नगररचना हे शास्त्र तेव्हा जन्मास यायचे होते. नानांनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही की आराखडाही काढला नाही. तरीही वस्ती कशी असावी याविषयी त्यांची काही पक्की धारणा असावी, असे त्यांच्या एकेका निर्णयावरून दिसते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी दैवज्ञ ज्ञातीतील सधन कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले. त्यांचे पूर्वज गणबाशेट अठराव्या शतकात मुंबईच्या कोटात येऊन व्यापारात स्थिरावले. कोटातील ज्या रस्त्याला पुढे गनबो स्ट्रीट हे चमत्कारिक इंग्रजी नाव पडले, तो या गणबाशेटांचाच. वडील शंकरशेट यांनी पेढीचा व्याप वाढवला आणि मुंबईतल्या पहिल्या प्रतीच्या सावकारांत त्यांची गणना होऊ लागली.

नाना आठवड्याचे होते तेव्हा, १७ फेब्रुवारी १८०३ रोजी, मुंबईच्या कोटात प्रचंड आग लागली. दाटीवाटीने उभी असलेली घरे, गोदामे आणि बाजार त्यात भस्मसात झाले. या आगीने मुंबईचा नकाशाच बदलला. कोटाच्या तटाभोवतालचे मैदान मोकळे ठेवण्याचा नियम सरकारने अधिक कडक केला आणि हिंदी वस्तीला तटाबाहेर, मैदानापलीकडे सरकावे लागले. भुलेश्वर, मांडवी, काळबादेवी आणि गिरगाव या भागांची भरभराट यानंतरची. नानांचे सारे सार्वजनिक आयुष्य या नव्या, बाहेरच्या शहरात गेले. त्यांचा वाडा गिरगावात होता आणि गिरगावच्या मुख्य रस्त्याला आज जगन्नाथ शंकरशेट मार्ग असे नाव आहे.

हे बाहेरचे शहर कोणी आखलेले नव्हते. नारळीच्या बागांतून आणि शेतांतून वाटा निघाल्या, वाटांच्या कडेने वाड्या झाल्या, वाडीत विहीर, वाडीच्या तोंडाशी देऊळ, देवळापाशी फुलवाली आणि वाणी. माणूस घरातून निघाला की हजार पावलांत त्याची बहुतेक कामे उरकत. या रचनेत सुख होते तसा धोकाही होता. गटारे उघडी, तळ्यांचे पाणी गढूळ, पटकी आणि तापाच्या साथी नित्याच्या. डॉ. लीथ यांनी १८६४ साली मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल लिहिला, त्यात या अवस्थेचे विदारक चित्र आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईपुढचा खरा पेच असा होता की वस्तीचा हा जवळपणा राखायचा आणि रोगराई मात्र घालवायची. सरकारी अधिकाऱ्यांचा कल बहुधा घाण वाटणारी गोष्ट उचलून दूर नेण्याकडे असे. दूर कोणाला पडणार, हा विचार त्या कागदांत क्वचितच येई.

सोनापूरच्या स्मशानाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मरीन लाइन्सजवळची सोनापूरची जागा ही हिंदू वस्तीची दहनभूमी. वस्ती वाढत तिच्यापर्यंत आली, कोटातून मलबार हिलकडे जाणाऱ्या साहेबांच्या वाटेशेजारी चिता जळू लागल्या, तेव्हा हे स्मशान उठवून शिवडीला न्यावे असा सरकारचा विचार झाला. आरोग्याचे कारण पुढे केले गेले आणि ते अगदीच खोटे होते असेही नाही. नानांनी या बेताला ठाम विरोध केला आणि अखेर तो बारगळला. चरित्रकार या प्रसंगाचे वर्णन धर्मभावनेचे रक्षण म्हणून करतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. हिंदूंची अंत्ययात्रा खांद्यावरून जाते. गिरगाव-भुलेश्वरपासून शिवडी सहा-सात किलोमीटर पडते. पावसाळ्यात, चिखलातून, चार खांदेकऱ्यांनी ते अंतर तोडायचे आणि परत यायचे, म्हणजे मजुराचा दिवसाचा रोजगार बुडाला. घोडागाडी असलेल्या सावकाराला शिवडी काय आणि सोनापूर काय, दोन्ही सारखीच. नाना स्वतः गाडीत बसणारे होते. ज्याच्यापाशी गाडी नव्हती त्याची बाजू त्यांनी धरली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

शिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांची कामगिरी सर्वश्रुत आहे. वडिलांचे छत्र १८२२ मध्ये हरपले, तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. त्याच वर्षी गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने मुंबईत देशी शिक्षणाची संस्था उभी राहिली आणि नाना तिच्या कार्यात पडले. पुढे बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाला त्यांचा आधार मिळाला. १८४० नंतर शिक्षण मंडळाचे सभासद म्हणून त्यांचा सर अर्स्किन पेरी यांच्याशी जो वाद झाला, तो महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील महत्त्वाचा अध्याय होय. पेरी यांना इंग्रजी माध्यम हवे होते, मूठभरांना उत्तम शिकवावे असे त्यांचे मत. नानांनी १८४७ सालच्या आपल्या लेखी निवेदनात देशी भाषांची बाजू मांडली. ज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचायचे तर ते त्यांच्या बोलीतूनच पोहोचेल, असा त्यांचा आग्रह होता.

मुलींच्या शाळेचा प्रश्न आला तेव्हा स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांना, म्हणजे दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. १८४९ साली ही शाळा सुरू झाली. त्या काळी मुलीला शिकवणे हेच धाडस, आणि तिला दूरच्या शाळेत पाठवायला तर कोणी धजले नसते. गल्लीतून चालत जाता येईल, वाटेत ओळखीची घरे असतील, आणि शाळा एका प्रतिष्ठित घराच्या आवारात असेल, तरच आई-बाप विचार करणार. समाजसुधारणेच्या इतिहासात तत्त्वांची चर्चा पुष्कळ होते, अंतराची होत नाही. खरे तर कित्येक मुलींचे शिक्षण अंतरानेच थांबते. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर शिकवणारे शिक्षक ही गोष्ट आजही सांगू शकतील.

नाट्यगृहाची हकीकत थोडी गमतीची आहे. कोटातील इंग्रजांचे जुने थिएटर कर्जात बुडून १८३५ साली विकले गेले. नव्या थिएटरसाठी नानांनी ग्रँट रोडवर आपली जमीन दिली आणि १८४६ मध्ये ते सुरू झाले. गव्हर्नर ग्रँट यांच्या नावाचा हा रस्ता तेव्हा नवाच होता आणि सभोवती हिंदी वस्ती वाढत होती. कोटातल्या आणि मलबार हिलवरच्या साहेब मंडळींना ही जागा गैरसोयीची वाटू लागली. रात्रीच्या वेळी गाडी जुंपून इतक्या लांब, आणि तेही देशी वस्तीतून, कोण येणार? त्यांचा राबता हळूहळू ओसरला. मग ते थिएटर कोणाचे झाले? ज्यांना तेथे चालत येता येत होते त्यांचे. १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या सांगलीकर मंडळींचे खेळ येथे झाले आणि त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही याच रंगमंचावर उभी राहिली. मराठी, गुजराती आणि पारशी रंगभूमीच्या मुंबईतील उदयाला नाट्यगृहाच्या या ठिकाणाने केवढा हातभार लावला, याचा हिशेब नाट्येतिहासकारांनी मांडला आहे. प्रेक्षक आले की पानवाला येतो, खाणावळ येते, दिवाबत्ती येते. ग्रँट रोडचा परिसर पुढे कित्येक दशके नाटकांवर आणि नाटकवाल्यांवर जगला.

रेल्वेकडे वळताना वाटेल की येथे धागा तुटतो, कारण आगगाडी ही पायांना सुट्टी देणारी गोष्ट. नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८४० च्या दशकात मुंबईत रेल्वे आणण्यासाठी पुढाकार घेतला. त्यातूनच पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी आकाराला आली आणि १८४९ मध्ये ती कायद्याने स्थापन झाली. तिच्या मुंबईतील कारभारात हिंदी नावे दोनच, ती या दोघांची. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता एकवीस तोफांची सलामी घेऊन चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांसह निघाली आणि ३४ किलोमीटर तोडून ठाण्यास पोहोचली. मे १८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत वाढला. १ ऑक्टोबर १८५५ रोजी तो वासिंदला गेला, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ च्या आरंभी कसाऱ्याला. थळ घाट ओलांडून गाडी इगतपुरीस पोहोचली ती जानेवारी १८६५ मध्ये, नानांच्या निधनाच्या काही महिने आधी.

म्हणजे नानांच्या डोळ्यांदेखत शहापूर तालुक्याच्या अंगणातून रूळ गेले. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांनी तालुक्याचे अर्थकारण कायमचे वळवले. भात, लाकूड, गवत, दूध मुंबईकडे जाऊ लागले आणि पुढे माणसेही. अभियंत्यांनी मात्र रूळ टाकले ते चढउताराच्या सोयीने. गावे कोठे आहेत हे त्यात दुय्यम होते. शहापूरचेच पाहा. स्थानक आसनगावला, बाजार, कचेऱ्या आणि शाळा शहापुरात, आणि मधून मुंबई-आग्रा महामार्ग. पहाटेची गाडी पकडणारा नोकरदार, शाळकरी मुले, भाजीची पाटी घेतलेली बाई, सगळ्यांना हे अंतर रोज पार करायचे आणि भरधाव वाहनांचा रस्ता ओलांडायचा. दीडशे वर्षांत स्थानक ते गाव ही साधी वाट चालण्याजोगी करण्याचे काम रेल्वेच्या, महामार्गाच्या आणि गावाच्या हद्दींमध्ये अडकून पडावे, याला काय म्हणावे?

मुरबाडच्या बाजूला रूळ वळलेच नाहीत. वास्तविक वाहतुकीच्या इतिहासात मुरबाडचे स्थान शहापूरपेक्षा जुने. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांतून जुन्नरकडे जाणारा व्यापार याच तालुक्यातील नाणेघाटाने चढे. नागनिकेचा शिलालेख आणि घाटमाथ्यावरील जकातीचा दगडी रांजण त्याची साक्ष देतात. हा सारा व्यापार पायी आणि बैलांच्या पाठीवरून चालला. आगगाडीने घाट बदलला तशी नाणेघाटाची वर्दळ आटली. उरली ती आठवडी बाजाराची आणि पौषातल्या म्हसोबाच्या यात्रेची. म्हशाच्या या यात्रेत बैल आणि घोंगड्या यांचा जो बाजार भरतो, तो पाहिला म्हणजे चालत आलेला माणूस बाजाराला काय देतो हे कळते. तो थांबतो, चार दुकाने पाहतो, घासाघीस करतो, चहा पितो, ओळखीच्याला भेटतो. मोटारीतला माणूस बहुधा पुढच्या शहरात थांबतो. कल्याण-मुरबाड रेल्वेची आणि ती पुढे माळशेजमार्गे नगरला नेण्याची मागणी फार जुनी आहे. ती पुरी झाली तर आनंदच आहे, मात्र नवे स्थानक आसनगावसारखे गावापासून तुटून पडू नये, ही काळजी आराखड्याच्या वेळीच घ्यावी लागेल.

नानांचे राजकीय कार्य येथे थोडक्यात पुरे. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते आधारस्तंभ होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावर सरकारचा संशय आला, चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि ते नामदार झाले. १८३० च्या दशकात हिंदी लोकांना जस्टिस ऑफ द पीस होण्याची मुभा मिळाली, तेव्हाच्या पहिल्या मंडळींतही ते होते. शहराच्या रस्त्यांचा, दिव्यांचा आणि सफाईचा कारभार त्या काळी या जस्टिस मंडळींच्या हाती असे.

बागेचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांसाठी खुली झाली. तिच्या आणि शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी, डॉ. बर्डवूड आणि नाना यांचा प्रमुख वाटा होता. त्या वेळच्या मुंबईत हवा खाण्याच्या जागा होत्या, पण त्यांपैकी बऱ्याच साहेबांच्या. सर्व जातिधर्मांच्या बायकामुलांनी येऊन झाडाखाली बसावे आणि मोकळेपणी फिरावे, अशी जागा ही. गिरणगाव पुढे तिच्याच भोवती वाढले आणि चाळीतल्या दहा फुटी खोलीत राहणाऱ्या कामगाराला रविवारी मोकळा श्वास घ्यायला हीच बाग उरली. संग्रहालयाची इमारत पुरी झालेली नाना पाहू शकले नाहीत. ते १८७२ मध्ये उघडले.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. त्या जुलैची सुरुवातच मुंबईला हादरा देणारी होती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भाव कोसळले होते, १ जुलैला शेअरबाजार बुडाला आणि समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या मोठमोठ्या कंपन्या धुळीस मिळाल्या. कोटाचे तट नुकतेच पाडले गेले होते. जुने शहर संपून नवे शहर सुरू होत होते, आणि त्याच संधिकाळात नाना गेले. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा उभा राहिला आणि मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. मराठी घरांत कित्येक पिढ्या ही शिष्यवृत्ती म्हणजे बुद्धिमत्तेचे शिक्कामोर्तब मानली गेली.

नानांच्या मागे तीस वर्षांनी, १८९६ साली, मुंबईत प्लेग आला. घाबरलेल्या सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायला सुरुवात केली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांतलेच. हवा खेळती झाली हे खरे, पण हजारो लोकांची घरे गेली आणि ते शेजारच्या वस्तीत जाऊन अधिकच दाटीने राहू लागले. या पद्धतीवर पहिली शास्त्रशुद्ध टीका केली ती पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश पंडिताने. १९१४ साली हिंदुस्थानात आलेल्या गेडीस यांनी १९१५ मध्ये खुद्द ठाणे शहरासाठी अहवाल लिहिला आणि १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढण्याआधी त्या गल्लीतून पायी फिरावे, मोडकळीस आलेली चार घरे काढून अंगण मोकळे करावे, तळी-विहिरी बुजवू नयेत, देवळापुढचा पार आणि सावलीचे झाड राखावे, अशी त्यांची शिकवण होती. जुनी वस्ती रोगी असेल तर तिच्यावर उपचार करावा, तिचा जीव घेऊ नये, हा त्यांचा सिद्धांत आज जगभरच्या नगररचनाकारांना मान्य झाला आहे. गिरगावच्या वाड्यांना तो कळायला उशीर झाला एवढेच.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागापुढे हा विषय आता वेगळ्या रूपाने उभा आहे. शहापूर तालुक्यातील भातसा आणि परिसरातील तानसा, वैतरणा या जलाशयांतून मुंबईची तहान भागते. तानसा तर १८९२ पासून. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि डोक्यावर हंडे घेऊन बायका टेकड्या चढतात. हे चालणे कोणत्याही डॉक्टरने सुचवलेले नाही. प्रौढ माणसाने आठवड्यातून दीडशे मिनिटे तरी शरीराला हालचाल द्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेतील दुकानदार आणि कारकून तेवढेही चालत नाही, आणि डोंगरातली ठाकूर-कातकरी बाई त्याच्या कित्येक पट चालते. एकाला मधुमेह, दुसरीला कंबरदुखी. रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूंची झाडे जातात, दुचाक्या उभ्या राहायला जागा होते, आणि चालणाऱ्याची कड तेवढी नाहीशी होते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून परतणारा कामगार ट्रकच्या दिव्यांत डांबराच्या काठाने चालतो.

मुंबई सेंट्रल स्थानकाला नाना जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव द्यावे, असा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. ग्रँट रोड स्थानकाबाहेरच्या चौकाला नानांचे नाव आधीपासून आहेच. त्या चौकात पादचाऱ्यांसाठी आकाशमार्ग बांधलेला आहे. खालून गिरगावकडे जाणारी माणसे मात्र अजूनही पुष्कळशी रस्त्यावरूनच, गाड्यांच्या मधून वाट काढत जातात.